कुंपणाबाहेरचे सात दगड

"पाच फुटी नको, मामा! सहा फुटी बॉक्स ब्लेड घे!" डेल्फी ओरडली. "पातं मागच्या चाकांपेक्षा रुंद नको का? नाहीतर सपाट केलेल्या जमिनीवर आपल्याच चाकांचे चर!"

"ऐका, बाईसाहेब बोलल्या!" व्हर्लिनमामा हसला, पण ट्रॅक्टरमागे जोडलं सहा फुटीच, जमीन खरवडून सपाट करणारं पेटीसारखं पातं.

शाळेला कालच सुट्टी लागली होती. रविवारी डेकोरेशनचा दिवस! टेकडीवरच्या दफनभूमीत आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहायला गावोगावचे लोक येणार आणि त्यांच्या गाड्यांसाठी कुंपणाबाहेरची जागा साफ करायची होती. तेरा वर्षांच्या डेल्फीला ट्रॅक्टर चालवता येत होता आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

"नुसतं खरवड. पात्यामागचे माती उकरणारे दात खाली सोडू नकोस," मामानं बजावलं आणि तो झाडाखाली लवंडला.

पण पातं मुळांवरून नुसतंच घसरत होतं. तिचा मावसभाऊ विक आणि त्याचा धाकटा भाऊ हॉइट फिदीफिदी हसत होते. डेल्फीला ते सहन होईना. तिनं दात खाली सोडले. कर्रर्र! मुळं, माती, दगड, सगळं पेटीत गोळा! काय मजा!

दुपारी विक ढिगाऱ्यापाशी थबकला. "डेल्फे, हे दगड बघ. सगळे लांबट, आणि शेवाळं फक्त वरच्या अर्ध्या भागावर!"

"मग?"

"मग काय! खालचा अर्धा भाग पुरलेला होता. कुणीतरी उभे केले होते हे!"

"आणि ही निळ्या फुलांची वेल आत थडग्यांवरही आहे," हॉइट म्हणाला.

डेल्फी वाकून दगडावरची माती पुसू लागली. "म्हणजे ही थडगी होती?"

मामानं मात्र हात झटकले. "दगड ते दगड! जेवून आलो की ओढ्यात ढकलतो."

त्याची पाठ वळताच विकनं ब्लेड ट्रॅक्टरला जोडणाऱ्या वरच्या दांड्याची खीळ उपसून खिशात घातली. "आता ढकल म्हणावं!"

तिघं धावत सुटले, ते थेट मिस ओझेलांच्या ओसरीवर. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच. दगडांचं ऐकताच त्यांनी शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं.

"सात होते का?"

"हो, सात!"

"कुंपण नंतर घातलं, त्यात ते बाहेर राहिले. एक माझा भाऊ आहे. तीन दिवसांचा होता."

काठी टेकत त्या वर आल्या, तेव्हा मामा गवतात खीळ शोधत होता.

"व्हर्लिन! मेलेल्या माणसांवर दात फिरवलेस?"

मामानं डोक्यावरची टोपी काढली. एकदाच डेल्फीकडे पाहिलं. "चुकलं, मिस ओझेला."

डेल्फी गप्पच राहिली. तिचे कान लाल झाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण त्या धरणीच्या पोटात आधीच सात जण होते.

शनिवारी दिवसभर मामा आणि ती तिघं पोरं राबली. खरवडलेल्या मातीत प्रत्येक दगडाचा खळगा अजून ओळखू येत होता. लांबी ताडून एकेक दगड ज्याच्या त्याच्या खळग्यात बसवला. डेल्फीच्या तळहातांना फोड आले, पण शरम काही कमी होईना.

रविवारी गाड्या खाली रस्त्यावरच थांबल्या. पाद्रीबाबा म्हणाले, "या पोरांमुळे आपली माणसं सापडली! शाब्बास!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"थांबा!" डेल्फी उठली. तिचा आवाज फाटला. "मामानं नको म्हटलं होतं. दात मीच सोडले. दगड मी उपटले."

मग मिस ओझेला उठल्या.

"दरवर्षी मी आतल्यांना फुलं वाहून परत जायची. बाहेर आमचा बाळ आहे, हे कुणाला सांगितलं नाही. बिननावाच्या दगडाची लाज वाटायची. पोरी, तू दोन दिवसांत बोललीस. मी जन्मभर गप्प बसले!"

त्यांनी हातातली फुलं डेल्फीला दिली. "चल, माझ्याबरोबर वाहा."

बाळाचा, सगळ्यांत लहान दगड कुठला, हे डेल्फीला विचारावं लागलं नाही.