शेरा क्रमांक चार

सभा अकराची होती आणि सव्वाअकराला प्रफुल खुर्च्यांवरची धूळ झटकत होता. महादेवराव साहेबांच्या श्रद्धांजलीची सभा, आणि तीच उशिरा! सेलू तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरून निघून साऱ्या देशाच्या रेल्वेचे प्रमुख झालेला माणूस. गाडी दोन मिनिटं रखडली तरी ते कारण विचारत. त्यांच्या फोटोचा हार अजून बाजारातच होता.

मी निवृत्त स्टेशन मास्तर. आमच्या पेन्शनर मंडळाचं सभागृह सिंदी मेघेत आहे आणि प्रफुल मंडळाचा चिटणीस. माणूस मनाचा चांगला, पण त्याच्याबरोबर काम करायचं म्हणजे डोक्याला ताप.

"ते घड्याळ बरोबर आहे का रे?" मी विचारलं.

"जरासं मागं आहे, काका. कोण पाह्यते?"

दाराशी टेबलावर वही ठेवली होती. येणाऱ्याने साहेबांविषयी दोन ओळी लिहून सही करायची. मी पहिलं पान उघडलं. त्यावर हिरव्या शाईत लिहिलेलं होतं:

१. घड्याळ चार मिनिटं मागे.
२. पाण्याच्या माठावर झाकण नाही.
३. खुर्च्यांची तिसरी रांग वाकडी.

माझं डोकंच फिरलं. रेल्वेत हिरवी शाई अधिकाऱ्यांची. साहेब तपासणीला आले की स्टेशनच्या वहीत असेच शेरे लिहायचे आणि समोरच्या रकान्यात आम्ही उत्तर द्यायचं. खरं सांगायचं तर पुढची तपासणी आली की आदल्या दिवशी बसून सगळ्या शेऱ्यांपुढे 'पूर्तता केली' लिहून टाकायचं, अशी आमची सर्रास पद्धत. नळ गळत असायचा तो असायचाच.

"हा चावटपणा कोणाचा?"

प्रफुलने वही उलटीसुलटी करून पाहिली. "मी नाई लिहिलं, काका. आत्ताच कोरी आणली दुकानातून. अन् हिरवा पेन कोणापाशी राह्यते आता?"

मी मोबाइलवर वेळ पाहिली. घड्याळ बरोबर चार मिनिटं मागे होतं. ते मी पुढे केलं, माठावर ताट झाकलं आणि चरफडत तिसऱ्या रांगेकडे गेलो. तिथे तानबा बसला होता.

तानबाचा विषय आता सांगायलाच हवा. पुलगाव आणि वर्ध्याच्या मधल्या एका लहान स्टेशनवर मी होतो तेव्हा तो आमचा फाटकवाला होता. गाडी सोडण्याआधी मी त्याला फोन करायचा, त्याने फाटक बंद करून मला तसं कळवायचं आणि मगच मी सिग्नल द्यायचा, हा नियम. चौऱ्याण्णव साली एका दुपारी फाटक उघडं राहिलं. मालगाडीखाली एक बैलबंडी आली. गाडीवान उडी मारून वाचला, जोडी गेली. मी जबाब दिला की तानबाने फाटक बंद आहे म्हणून सांगितलं. तानबा म्हणाला, फोन वाजलाच नाही. मी फोन केला होता की नव्हता, ते आता मला नक्की आठवत नाही. मास्तरचं ऐकलं गेलं आणि तानबाची नोकरी गेली. झोपाळू फाटकवाला, हे नाव गावात त्याला कायमचं चिकटलं.

महादेवराव साहेब तेव्हा आमच्या विभागात होते. त्यानंतरच्या तपासणीत त्यांनी एक शेरा लिहिला आणि स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या तानबाला सांगून गेले, "तुला बोलावतील. जे घडलं ते सांग."

तेव्हापासून हा माणूस वाट पाहतो आहे. मंडळाच्या दर कार्यक्रमाला येतो. कोणी बोलावत नाही, तरी येतो.

"मास्तरसाहेब," तो म्हणाला, "मले कधी बोलावता?"

"तानबा, तीस वर्षं झाली. साहेबही गेले. आता कोण बोलावणार तुले?"

"साहेब बोलले होते न."

मला राग आला. त्याचा आला की माझा, कोण जाणे. मी रांग सरळ केली आणि परत वहीपाशी आलो.

४. फाटकवाला तानबा यास समक्ष बोलावून पुन्हा विचारावे.

तेच शब्द. त्या शब्दांपुढे मी तेव्हा 'पूर्तता केली' लिहिलं होतं. ती जुनी वही केव्हाच रद्दीत गेली. तो शेरा साहेबांना ठाऊक होता आणि मला.

सभा सुरू झाली. माईक किंचाळला. दोन मिनिटं सगळे माना खाली घालून उभे राहिले. मग प्रफुलने माझं नाव पुकारलं. मी साहेबांच्या शिस्तीवर बोललो, वक्तशीरपणावर बोललो. तानबा समोरच होता. त्याला उठवून चार लोकांदेखत विचारायला कितीसा वेळ लागला असता? मी भाषण संपवलं आणि खाली बसलो. माझी मलाच लाज वाटली.

सभा संपल्यावर मी तरातरा त्याच्याकडे गेलो. "चला तानबा, सांगा. काय झालं होतं त्या दिवशी?"

त्याचा चेहरा मोकळा झालेला दिसला.

"आता काऊन, मास्तरसाहेब? सांगतलं न मी सारं. साहेबांनी इचारलं."

"कोणत्या साहेबांनी?"

"आपल्या. तुमी सारे माना खाली घालून उभे होते तवा. बाजूले येऊन बसले. सारं ऐकून घेतलं."

मी सरळ केलेल्या रांगेत त्याच्या शेजारची एकच खुर्ची त्याच्याकडे तोंड करून फिरलेली होती.

मी वही उघडली.

चौथ्या शेऱ्यापुढे हिरव्या शाईत होतं: पूर्तता झाली.

खाली नवा शेरा होता.

५. स्टेशन मास्तर यांनी लेखी खुलासा द्यावा. मुदत सात दिवस.

आज सहावा दिवस. वर लिहिला आहे तो माझा खुलासा. निळ्या पेनने, घरी बसून, कोणाला न दाखवता लिहिला.

आज सकाळी पानं पुन्हा वाचायला घेतली. समासात प्रत्येक वाक्यापुढे हिरव्या शाईची बरोबरची खूण आहे.

एकाच वाक्यापुढे नाही. मी फोन केला होता की नव्हता, ते आता मला नक्की आठवत नाही.