चंदेरीवर काही दिसत नाही

मुरासेच्या कॅमेऱ्यांच्या दुकानाचा जिना इतका अरुंद होता, की वर जाणारा आणि खाली येणारा यांच्यापैकी एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. कुवाहारा कधीच उभा राहत नसे. जमीन मोजण्याच्या सरकारी नोकरीत त्याचा जन्म गेला होता. तो चालायचाही असा, की वाट त्यानेच आखून दिलेली आहे.

त्या दुपारी मुरासेने काउंटरवर मखमली कापड अंथरलं आणि त्यावर दोन लेन्स ठेवल्या. दोन्ही नागानोच्या डोंगरातल्या एका लहान कारखान्यातल्या. काच एकच, आतलं पितळ एकच, वजनही तेवढंच. एक काळ्या रंगाची, दुसरी चंदेरी मुलाम्याची. दोन्हींचा फोकस हाताने कडी फिरवून लावायचा. कुवाहाराला तेच हवं होतं. यंत्राने परस्पर ठरवलेलं अंतर त्याने आयुष्यात कधी मानलं नव्हतं.

त्याने काळी उचलली. कडी जड आणि मऊ फिरत होती, घट्ट मधात चमचा फिरवावा तशी. एका टोकाला आडवा आठ, म्हणजे क्षितिजापलीकडचं सगळं. मग दहा मीटर, पाच, तीन, दोन, एक. शेवटी सत्तर सेंटीमीटर. त्याच्या अलीकडे लेन्सची नजर पोचत नव्हती.

"काळी नका घेऊ," मुरासे म्हणाला.

"का? दुसरं मोठं गिऱ्हाईक येणार आहे वाटतं?"

"काच तीच आहे साहेब. चंदेरी घ्या."

"काच तीच आहे, तर मी काळी नेली म्हणून तुमच्या पोटात का दुखतंय?"

मुरासे कापडाची सुरकुती सारखी करत राहिला. "काळा रंग झिजतो. हात लागेल तिथे पितळ वर येतं. चंदेरीवर काही दिसत नाही."

"पितळ वर यावं म्हणून तर लोक काळी मागतात. मला शिकवताय?"

"तुम्हाला कोण शिकवणार?" मुरासे म्हणाला आणि डबी बांधायला घेतली. बांधताना त्याने कडी आडव्या आठावर आणून ठेवली. "रोज वापरून झाली की अशी ठेवा. जवळच्या आकड्यावर सोडू नका."

हा माणूस काहीतरी दाबून ठेवतोय, एवढं कुवाहाराला कळलं. दाबून ठेवतोय म्हणजे काळीच भारी असणार, असा हिशेब त्याने केला आणि डबी पिशवीत घातली.

ओमे गावात, डोंगराच्या पायथ्याशी, त्याचं घर होतं. घरात तो आणि बायको, सुमिए. तो मागच्या खोलीत झोपायचा, ती पुढच्या. जेवण एका टेबलावर व्हायचं, तेवढंच.

हे असं होऊन बरीच वर्षं झाली होती. सुमिएच्या माहेरी शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद लागला, तेव्हा मोजायला कुवाहाराच गेला होता. सत्तर सेंटीमीटरची पट्टी शेजाऱ्याची निघाली. त्याने तसं लिहून दिलं. त्या पट्टीवर सासऱ्याचं उमेचं, म्हणजे आंबट जर्दाळूचं, झाड होतं, ते तोडलं गेलं. म्हातारा पुढचा बहर यायच्या आत गेला. "फीत खोटं बोलत नाही," एवढंच कुवाहारा तेव्हा म्हणाला होता. आजही विचारलं असतं तर तेच म्हणाला असता.

सुमिए तशी रीतीभातीची बाई. बैठकीत कोणी बसलेलं असेल आणि समोरून जायची वेळ आली, तर किंचित वाकून, एक हात पुढे आडवा धरून, "माफ करा हं" म्हणत जायची. गॅसचा मीटर वाचायला आलेल्या पोऱ्यासमोरूनही तशीच. नवऱ्यासमोरून मात्र उमेचं झाड पडल्यापासून ती कधी वाकली नव्हती. सरळ जायची, खांबाजवळून जावं तशी.

"आणलंत आणखी एक खेळणं," डबी बघून ती म्हणाली.

"तुझ्या पैशाने नाही आणलं."

"माझ्या पैशाने तुम्ही काय काय आणलंय, ते सांगायला बसले तर सूप गार होईल."

त्याने लेन्स कॅमेऱ्याला लावली, कडी आडव्या आठावर नेली आणि कॅमेरा उशालगतच्या ठेंगण्या कपाटावर ठेवला. काच व्हरांड्याच्या दाराकडे होती. पलीकडे बाग, बागेपलीकडे फाटक.

सकाळी कडी दहा मीटरवर होती.

आपणच विसरलो असू, असं त्याने धरलं. दुसऱ्या दिवशी झोपण्याआधी मुद्दाम बघून आडव्या आठावर ठेवली. सकाळी ती पाचावर होती. कुवाहाराने कपाटातून जुनी पोलादी फीत काढली आणि काचेपासून सरळ रेषेत मोजत गेला. दहा मीटर भरले ते बरोबर फाटकाशी. पाच मीटर पर्सिमनच्या झाडाखाली. तिथे गळलेल्या पानांचा थर होता. एका जागी पानं भुगा होऊन मातीत दबली होती. कोणीतरी बराच वेळ एकाच ठिकाणी उभं राहिल्यासारखी.

"माझ्या कॅमेऱ्याला हात लावतेस तू?" त्याने टेबलावर विचारलं.

"त्या वस्तूला? मी तुमच्या चपलेला हात लावत नाही."

"मग कडी फिरते कशी?"

"तुम्हीच मोजा की. तुमची फीत खोटं बोलत नाही ना?"

त्याने आतून सरकत्या दाराला बांबू लावला. कडी तीनावर आली. तीन मीटर म्हणजे व्हरांड्याची फळी. ती फळी थंडीत रोज पहाटे आपोआप कुरकुरायची, गेली कित्येक वर्षं. त्या पहाटे ती कुरकुरली नाही. वजन असलेली फळी थंडीने कुरकुरत नाही, हे त्याला आंघोळ करताना सुचलं. तो टबातून लवकर बाहेर आला.

मग त्याने कॅमेरा कपाटाच्या आत कोंडला आणि दार लावून घेतलं. सकाळी बाहेर काढला तर कडी दोनावर होती. दोन मीटर म्हणजे दाराच्या अलीकडे, खोलीच्या आत. कॅमेरा कोंडून काही होत नव्हतं, म्हणून त्याने तो परत वर ठेवला. निदान डोळ्यांसमोर असावा.

त्याच दिवशी त्याला पितळ दिसलं.

नवी लेन्स. त्याने जेमतेम हाताळलेली. पण कडीच्या पुढच्या कडेला काळा रंग उडाला होता. वर एक गोल डाग, खाली चार लांबट. किती वर्षं हात फिरला म्हणजे इतकं पितळ वर येतं, ते त्याला माहीत होतं. वीस वर्षं वापरलेल्या लेन्सवर असे डाग बघितले होते त्याने.

डाग बोटांचे होते, हे उघड होतं. त्याने नेहमीसारखा मागून, खालून हात घातला. बोटं बसेनात. मनगट पिळून बघितलं, उजव्या हाताने बघितलं. बसेनात.

शेवटी तो उठला आणि कॅमेऱ्याच्या समोर जाऊन बसला. काचेत बघत. पुढून हात लांब केला आणि कडी धरली.

अंगठा डागावर बसला. चारही बोटं चार डागांवर बसली. फक्त डाग त्याच्या बोटांपेक्षा एक पेर लांब होते.

खाली त्याच्या गुडघ्यांना काहीतरी वेगळं लागत होतं. तो जिथे बसला होता तिथे तातामीची चटई खोलगट झाली होती. गुडघ्यांचे दोन खळगे आणि मागे पावलांचे दोन. चटई तिथे ओली नव्हती, नुसती थंड होती. त्या जागेवरून उठताना त्याने नको इतकी घाई केली आणि डोकं कपाटावर आपटून घेतलं.

बाहेरच्या खोलीतून सुमिए म्हणाली, "घर पाडताय का?"

दुसऱ्या दिवशी मुरासेच्या जिन्यावर कोणीतरी खाली येत होतं. कुवाहारा भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"पुढून झिजली असेल," मुरासे डबी न उघडताच म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"मी सांगितलं होतं, काळी नेऊ नका. तुम्ही मला पोटदुखी झालीय म्हणालात."

"कोण आहे तो?"

"मी दुकानदार आहे साहेब, भटजी नाही." त्याने हातमोजे चढवले आणि कापडाच्या घडीत धरून लेन्स बाहेर काढली. कडी एक मीटरवर होती. ती बघून त्याने घडी परत मिटली. "ह्या काळ्या मी पूर्वीही विकल्यात. सगळ्या परत आल्या. पण नेणारा माणूस घेऊन आला नाही. कोणाची बायको आली, कोणाचा भाऊ. सगळ्यांची कडी शेवटच्या आकड्यावर होती. सत्तरवर."

"आणि माणूस?"

"त्याचं सामान विकायला काढलं होतं, एवढ्यावरून काय ते समजा."

कुवाहाराने काउंटरवरचा हात मागे घेतला. "चंदेरी?"

"चंदेरी अजून कोणी परत आणलेली नाही."

"म्हणजे तिच्यात हे नाही?"

मुरासेने चंदेरी लेन्स कापडावर ठेवली. दिव्याखाली ती स्वच्छ, गुळगुळीत चमकत होती. "परत आणलेली नाही, एवढंच मी म्हणालो. बदलून हवी का नुसतीच काळी ठेवून जाताय?"

ठेवून जावी, असं त्याच्या मनात आलं होतं. पण हा मुरासे मागून हसेल. घरी ती हसेल. आणि नुसती ठेवून गेलो आणि खोलीतली ती जागा तशीच थंड राहिली, तर कळायला काही साधनच उरणार नाही. चंदेरीला कडी होती, आकडे होते. ती आडव्या आठावर राहिली की संपलं. कुवाहाराने चंदेरी घेतली.

"आता ही कशाला?" सुमिएने दारातच विचारलं.

"काळी चांगली नव्हती."

"फरक काय दोघींत?"

"रंगाचा. काळी झिजते. चंदेरीवर काही दिसत नाही."

"अस्सं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच ती वस्तू हातात घेऊन तिने नीट बघितली. कडी थोडी फिरवली. परत आडव्या आठावर नेली. "हे बरं आहे की मग."

दुसऱ्या सकाळी कुवाहाराने डोळे उघडले ते कडीवरच. आडवा आठ.

त्याच्या पुढच्या सकाळीही आडवा आठ. आणि त्याच्याही पुढच्या.

चंदेरी मुलाम्यावर ओरखडा नव्हता. बोटाचा ठसासुद्धा नव्हता, लख्ख. कुवाहारा पुन्हा पोटभर झोपू लागला. फोटो काढायला नदीवर गेला. टेबलावर भाजलेला बांगडा येऊ लागला, त्याला आवडतो तसा, किसलेल्या मुळ्याबरोबर. सुमिएने त्याचा मागे पडलेला स्वेटर उसवून नवा विणायला घेतला.

"काय गं, आज फार खुशीत?" त्याने विचारलं.

"तुम्ही झोपता नीट हल्ली," ती म्हणाली. "माणसाने झोपावं."

दाराला बांबू लावायचं त्याने सोडून दिलं होतं.

एके पहाटे त्याला थंडीने जाग आली. उजाडत होतं. कागदी दारावर राखाडी उजेड होता. डावा गाल बधिर झाला होता, उशीच्या त्या बाजूला बर्फ ठेवल्यासारखा.

कपाटापाशी सुमिए गुडघे टेकून बसली होती. बाजूने, कोपऱ्यात अंग चोरून. ॲप्रनच्या टोकाने तिने चंदेरी कडीची पुढची कड पुसली. मग कडी फिरवली. हळूहळू, बराच वेळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आडव्या आठावर आणून सोडली.

सरावाचं काम होतं. रोजचं.

"कितीवर होती?" त्याने विचारलं.

तिने वळून बघितलं. दचकली नाही.

"झोपा."

"सुमिए, कितीवर होती?"

"माझ्या बापाची जागा मोजलीत, तेव्हा किती भरली होती?" ती म्हणाली. "तेवढ्यावर."

काचेपासून सत्तर सेंटीमीटर म्हणजे उशीची डावी कड. त्याला फीत लागली नाही.

त्याला मान वळवायची होती. वळवली नाही. गालाजवळची चटई अगदी हलकेच दबल्याचा आवाज आला. कोणी बैठक बदलावी तसा.

सुमिए उठली. दार समोर होतं, त्याच्या उशीवरून सरळ चार पावलांवर. ती सरळ गेली नाही. भिंतीच्या कडेकडेने गेली. उशीच्या डाव्या बाजूसमोर आली तेव्हा किंचित वाकली, एक हात पुढे आडवा धरला, आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"माफ करा हं."