फ्रिजमधली किल्ली

बोक-नाम काकूंनी जिना चढून आल्या आल्या किमचीचा, आंबवलेल्या तिखट कोबीचा, डबा टेबलावर आदळला. "पोरगी चोर नाही," त्या म्हणाल्या. "आता ते सिद्ध करायचं काम तुमचं."

क्वोन म्योंग-जा यांनी चष्मा कपाळावर सरकवला. पुसान बंदराजवळ, सुक्या मासळीच्या दुकानावरच्या या खोलीत त्या खाजगी तपासाची कामं घेत. त्याआधी तीस वर्षं त्यांनी चित्रपटांचं संकलन केलं होतं. आता दुसऱ्यांच्या भानगडी कापून-जोडून बघते, असं त्या म्हणायच्या. त्यांचा जोडीदार होंग दोक-सू बंदर पोलिसांतून निवृत्त झालेला. माणूस सोन्यासारखा, पण डोकं जरा सावकाश चालायचं. त्यानं आधी डबा उघडला.

"दोक-सू, ऐकून तरी घे."

"ऐकतोय की, ताई. कान मोकळेच आहेत."

काकूंची खानावळ दोन गल्ल्या सोडून. डुकराच्या मटणाचं सूप आणि भात, बाकी काही नाही. मागच्या गुरुवारी फिल्म कॉलेजच्या पोरांनी तिथल्या स्वयंपाकघरात आपल्या थ्रिलरचा शेवट चित्रित केला. आणि ज्या मेमरी कार्डावर तो शेवट होता, ते कार्डच नाहीसं झालं. आळ आला ध्वनिमुद्रण करणाऱ्या ये-सोलवर.

"आज चार वाजता कॉलेजची समिती बसतेय. तिला काढून टाकणार म्हणे. शिष्यवृत्तीवर शिकतेय हो ती. एकदा काढली की संपलं सगळं."

"तुमची एवढी खात्री कशावरून?" म्योंग-जांनी विचारलं.

"फ्रिजवरून. माझा फ्रिज घुरघुरतो, ते माईकमध्ये येतं. म्हणून प्रत्येक शॉटच्या आधी ही पोर तो बंद करायची आणि आपल्या स्कूटरची किल्ली आत, माझ्या किमचीवर ठेवायची. म्हटलं, हे काय गं? तर म्हणते, काकू, किल्लीशिवाय मी घरी जाऊ शकत नाही, म्हणजे फ्रिज लावल्याशिवायही जाणार नाही. माझी किमची जास्त आंबू नये म्हणून एवढा जीव टाकणारी पोर चोरी करेल?"

"काकू, याला पुरावा नाही म्हणत," दोक-सू घास गिळत म्हणाला.

"तू खा गुमान. आणि तो फ्रिजही असला नाठाळ, एकदा थांबला की पाच-सात मिनिटं रुसून बसतो. कुणी बंद करो नाहीतर आपणहून थांबो. तरी ही पोर प्रत्येक वेळी तो सुरू होईपर्यंत जवळ उभी राहायची."

पुरावा म्हणून सगळ्यांकडे फिरत असलेला व्हिडिओ काकूंच्या फोनमध्येही होता. चित्रीकरण चालू असताना एका मुलानं बाजूनं टिपलेलं ते फुटेज. पाऊण मिनिट, तीन शॉट. पहिला : स्टीलचं टेबल, वाफाळत्या सुपाचा वाडगा, शेजारी काळं कार्ड. दुसरा : ये-सोल इकडेतिकडे बघते, मुठीतलं काहीतरी जॅकेटच्या डाव्या खिशात टाकते. तिसरा : तेच टेबल, तोच वाडगा, कार्ड नाही.

"झालं की," दोक-सू म्हणाला. "रंगेहाथ."

म्योंग-जांनी तो चार वेळा लावला. त्यातले दोन वेळा डोळे मिटून.

"डोळे मिटून काय दिसणार, ताई?"

"तुला काय दिसलं ते सांग."

दोक-सूनं फोन नाकाशी धरला. "हे शेवटचं बघा. एवढं झकास सूप आणि कुणी तोंड लावलं नाही. वर चरबी गोठलीय. पाप लागेल यांना."

म्योंग-जा उठल्या आणि त्यांनी कोट घातला.

कॉलेजात दिग्दर्शक गी-ह्योन संकलनाच्या खोलीबाहेर येरझारा घालत होता. अंगात दोन रात्रींचा शर्ट, तोंडावर जगाचा राग.

"तिचं आणि माझं वाजलं होतं, हे खरं आहे," तो म्हणाला. "मला शेवटी किंकाळी हवी. थ्रिलर आहे, लोक खुर्चीतून उडायला नकोत? तिला म्हणे शांतता हवी. किंकाळी लावलीस तर माझं नाव काढ, म्हणाली. मग कार्ड कोण पळवणार, मी?"

"कार्डं किती होती?"

"दोनच. अगदी सारखी. एकावर सकाळची दृश्यं, दुसऱ्यावर शेवट. शेवट संपला आणि आम्ही गल्लीतला शॉट घ्यायला बाहेर पळालो. ऊन सरकत होतं. मी सू-आला ओरडून सांगितलं, रिकामं कार्ड दे. तिनं सकाळचं पुसून दिलं. तेसुद्धा दोनदा ओरडल्यावर. एरवी तिला कधी उशीर होत नाही."

"त्या वेळी ये-सोल कुठं होती?"

"गल्लीत, माईक धरून. पण मी काय तिच्याकडे बघत बसलो होतो?"

तो बाजूनं टिपणारा मुलगा, ते-ग्योम, ओल्या केसांनी आला. "मी तर अकराला निघालो, बाई. पोहायला शिकवतो ना लहान मुलांना. काकू तेव्हा सूप वाढत होत्या, गरम गरम. थांब म्हणाल्या, पण उशीर झाला होता. कॅमेरा काउंटरवर ठेवला, सू-आला सांगून."

"हे तिन्ही शॉट तुझे?"

"माझ्याच कॅमेऱ्यातले आहेत. दिसेल ते टिपतो मी, लक्षात कुठं ठेवू?"

बाहेर येताच दोक-सू कुजबुजला, "हाच. ज्याच्यावर कुणाचा संशय नाही तोच असतो. मी पुष्कळ थ्रिलर बघितलेत."

"म्हणूनच तर तू चुकतोस."

संकलन करणारी सू-आ आत पडद्यासमोर बसली होती. वर्गात पहिली. तिच्याकडे दिलेली वस्तू हरवत नाही, असा तिचा लौकिक. तिच्यामागच्या फळ्यावर सरांनी दिलेला सराव अजून पुसलेला नव्हता : 'चोरी न दाखवता चोरी दाखवा. तीन शॉट.'

"मी स्वयंपाकघरात फुटेज कॉपी करत होते, एकटीच," सू-आ म्हणाली. "हात धुवायला गेले. परत आले तर कार्ड नाही. साडेअकरा झाले असतील."

"या शॉटचा क्रम तू लावलास?"

"होते तसेच आहेत. एकामागोमाग घेतलेले. पाऊण मिनिटाचा तर प्रकार."

"ते-ग्योमच्या कॅमेऱ्याला हात लावला होतास?"

"नाही. ते फुटेज मी संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं."

ये-सोल जिन्यावर बसली होती, गळ्यात हेडफोन. ती रडत नव्हती. रडून झालं होतं.

"खिशात काय टाकलंस?"

"संपलेली बॅटरी. माईकची. संपलेल्या डाव्या खिशात, नव्या उजव्या. नाहीतर घोळ होतो. हे सांगितलं तर सगळे हसले." तिनं मान खाली घातली. "मला आवाजाशिवाय दुसरं काही येत नाही, बाई. इथून काढलं तर मी करू काय?"

म्योंग-जांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दीड वाजता काकूंकडे ये. सगळ्यांना सांगून ठेव, जेवण माझ्याकडून."

दीड वाजता काकूंच्या स्वयंपाकघरात चौघं पोरं रांगेत बसली. काकूंनी पाच वाडगे वाढले. फ्रिज घुरघुरत होता.

"कुणी चमचा उचलायचा नाही," म्योंग-जा म्हणाल्या.

"ताई, हा अन्याय आहे," दोक-सू म्हणाला.

त्यांनी व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. "आता बघू नका. डोळे मिटा आणि ऐका."

पहिल्या शॉटमध्ये घुरघुर होती. दुसऱ्यात ती नव्हती. तिसऱ्यात पुन्हा होती. ये-सोलनं सगळ्यांत आधी डोळे उघडले.

"कुणी मला आवाजच लावून दाखवला नाही," ती हळूच म्हणाली. "नुसता फोन पुढं केला, हे बघ म्हणून."

"फ्रिज आपणहूनही थांबतो की," दोक-सू म्हणाला.

"थांबतो. पण काकू, एकदा थांबला की?"

"पाच-सात मिनिटं ढिम्म."

"मग पाऊण मिनिटात तो घुरघुरला, थांबला आणि परत घुरघुरला, हे होणार कसं? मधला शॉट त्या वेळचा नाहीच. तो सकाळचा आहे, चित्रीकरण चालू असतानाचा. ये-सोल बॅटरीच टाकत होती. कुणीतरी तो उचलून दोन टेबलांच्या मधे लावला. वस्तू, हात, रिकामी जागा. या तिन्हीत चोरी कुठंच नाही. ती बघणाऱ्यानं आपल्या मनात जोडली. समितीनं जोडली, गी-ह्योननं जोडली, माझ्या दोक-सूनंही जोडली."

गी-ह्योनचा चेहरा उतरला. "मग टेबलाचे दोन शॉट?"

"ते दोक-सूच्या पोटानं सोडवलं. पहिल्यात सूप वाफाळतंय, तिसऱ्यात चरबी गोठलीय. तुमच्या पुढ्यातल्या वाडग्यात अजून तिचा ठिपकाही दिसत नाही. काकू, किती वेळ लागतो?"

"अर्धा तास तर सहज."

"काकूंनी अकराला सूप वाढलं. ते-ग्योम त्याच वेळी गेला. म्हणजे तिसरा शॉट साडेअकराच्या सुमाराचा, आणि तो त्याचा नाही. गी-ह्योन आणि ये-सोल गल्लीत, काकू बाहेर गिऱ्हाइकांत. कॅमेरा काउंटरवर. आत एकच माणूस होतं." म्योंग-जांचा आवाज मऊ झाला. "सू-आ, तू म्हणालीस कॅमेऱ्याला हात लावला नाही."

सू-आनं पुढ्यातला वाडगा बाजूला सरकवला.

"पण तिनं चोरी कशाला करावी?" काकूंना राहवेना. "चित्रपट तिचाही आहे ना?"

"चोरी झालीच नाही. दोन कार्डं, दिसायला सारखी. बाहेरून हा बोंबलतोय, ऊन चाललं, ऊन चाललं. सकाळचं कार्ड कॉपी झालेलं, ते पुसायचं होतं. हिनं घाईत दुसरंच पुसलं. जिला कधी उशीर होत नाही तिला त्या दिवशी दोनदा हाक का मारावी लागली? कारण पहिल्या हाकेच्या वेळी ही पुसलेल्या कार्डाकडे बघत बसली होती."

सू-आ बोलायला लागली. "सगळे म्हणतात, सू-आकडे दिलं की काळजी नाही. मला सांगताच येईना. म्हटलं, हरवलं म्हणू; रिकाम्या टेबलाचा शॉटही घेतला. मग गी-ह्योन विचारायला लागला, कुणी घेतलं, कुणी घेतलं. तेव्हा मी ये-सोलचा सकाळचा शॉट मधे लावला. मला वाटलं, नुसतं भांडण होईल आणि मिटेल. समितीपर्यंत जाईल असं…" ती ये-सोलकडे वळली. "मी वाईट वागले. फार वाईट."

ये-सोलनं लॅपटॉप बंद केला.

"कार्ड फेकलंस?" म्योंग-जांनी विचारलं.

सू-आनं फोनचं कव्हर काढलं. कार्ड त्याच्या आत होतं. "फेकवलं नाही."

"त्यावर नंतर काही रेकॉर्ड केलंस?"

"नाही. हातसुद्धा लावला नाही."

"मग नाक पूस. पुसलेलं कार्ड म्हणजे अनुक्रमणिका फाडलेलं पुस्तक. पानं बहुतेक आतच असतात. बाजारात माझ्या ओळखीचा एक जण आहे, असली पानं काढून देतो." त्यांनी तिच्याकडे रुमाल सरकवला. "ऐक. सव्विसाव्या वर्षी माझ्या हातून एक अख्खं रीळ खराब झालं होतं. मी अकरा दिवस खोटं बोलले, बोलणी खाल्ली माझ्या मदतनिसानं. बाराव्या दिवशी कबूल केलं. साहेब आठवडाभर माझं तोंड बघेनात. मग एक दिवस नवीन रीळ पुढ्यात ठेवून गेले. तुझे सहाच दिवस झालेत. समिती चारला आहे."

सू-आ उठली. गी-ह्योनही उठला. "मीही येतो," तो म्हणाला. "सगळ्यांत आधी धावत मीच गेलो होतो सरांकडे. आवाज न ऐकता."

दोक-सूनं वाडग्यात डोकावून बघितलं. चरबीची पातळ साय आत्ता कुठं धरत होती. "आता खाऊ का, ताई?"

समितीनं ये-सोलवरचा आळ मागं घेतला आणि तिची लेखी माफी मागितली. सू-आला एक सत्र संकलनाच्या खोलीत एकटीनं बसायला बंदी झाली. कार्डावरचं जवळजवळ सगळं परत मिळालं, फक्त शेवटचा एक शॉट गेला तो गेला. तो घ्यायला दहा दिवसांनी सगळे पुन्हा काकूंच्या स्वयंपाकघरात जमले. किंकाळी लावायची नाही, हे गी-ह्योननं आपणहून ठरवलं होतं. शॉट संपल्यावर अर्धं मिनिट कुणी हलायचं नाही, ये-सोल त्या खोलीची शांतता टिपणार आणि चित्रपट त्याच शांततेवर संपणार.

या दहा दिवसांत ये-सोल सू-आशी एक शब्द बोलली नव्हती. त्या सकाळीही ती माईक लावत होती आणि सू-आ भिंतीशी उभी होती.

"फ्रिज," ये-सोल कुणाकडे न बघता म्हणाली.

सू-आ पुढं झाली आणि तिनं बटण बंद केलं. घुरघुर थांबली. आत किमचीवर स्कूटरची किल्ली आधीच ठेवलेली होती. सू-आनं खिशातून आपल्या खोलीची किल्ली काढली, तिच्या शेजारी ठेवली आणि दार लावलं.

"घरी कशी जाशील मग?" ये-सोलनं विचारलं.

"फ्रिज लावल्याशिवाय जाणारच नाही."

ये-सोलनं हेडफोन कानांवर चढवले. मग पिशवीतून दुसरे काढले आणि सू-आच्या हातात दिले. "बस इथं. ऐक."

शॉट झाला. त्यानंतर अर्धं मिनिट कुणी हललं नाही. दोक-सूनंही चमचा हवेतच धरून ठेवला होता.