दाराकडे पाहणारी गौर

“सुपं काढू का गो खाली?”

फोनवर आईचा, गिरजाबाईंचा, तोच प्रश्न आला आणि वैशालीच्या डोळ्यांपुढं आली... माहेरच्या, गडबच्या घराच्या आढ्याला बांधलेली ती पाच सुपं! तिचं लग्न झालं त्या वर्षी बाबांनी, महिपतींनी, बाजारात बसून एकेक सूप उजेडाला धरून निवडलं होतं. बाहेरच्या माणसाला यातली ओढ सांगून कळायची नाही, तरी सांगायलाच हवी. गौर पूर्वा नक्षत्रात आली की नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. माहेरून पाच सुपं येतात, फळाफुलांनी ती भरून सून सासरच्या गौरीपुढे उभी राहते, थोरामोठ्यांच्या हाती सूप देऊन पाया पडते, आणि त्या दिवशी ती त्या घराची होते. वैशालीच्या लग्नाला सहा वर्षं झाली. तेवढ्यात तीनदा गौर पूर्वात आली नि गेली, पण सुपं आढ्यालाच राहिली. दोन वर्षांमागं बाबा वारले, तेही त्या सुपांकडे बघत बघतच.

“यंदा पन पूर्वातच हाय गौर,” गिरजाबाई चाचरत म्हणाल्या.

“राहू दे आई. हायत तिथं बरी हायत,” एवढंच बोलून तिनं फोन ठेवला आणि पदराला हात पुसून ती पेणमधल्या दत्तात्रेयांच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला निघाली.

सासर रोह्याचं. एके काळी गडबची निम्मी भातशेती त्या घराची होती आणि महिपतींचे वडील त्याच शेतात कूळ म्हणून राबले होते. पुढे जमिनी कुळांच्या झाल्या, पण रुबाब काही जमिनीबरोबर गेला नाही! सासरे विष्णुमास्तर शाळेतून निवृत्त झालेले. गावात मान मोठा. विराजनं वैशालीशी नोंदणी लग्न केलं आणि जोडीनं तो उंबऱ्याशी आला, तेव्हा मास्तर आवाजही न चढवता म्हणाले होते की मुलगा आमचा आहे, त्यानं यावं-जावं, नातवंड झालं तर त्यालाही आणावं; पण या घरच्या गौरीपुढे कुळाच्या मुलीचं सूप लागणार नाही. सासूबाई, वत्सलाबाई, दाराआड उभ्या राहून डोळे पुसत होत्या. वैशाली उंबऱ्यालाच हात लावून माघारी फिरली, आणि तेव्हापासून दर गणपतीला विराजला नि पुढे छोट्या लेकीला, इशिताला, तीच बॅग भरून रोह्याला पाठवायची, स्वतः मात्र पेणच्या दोन खोल्यांत मागं राहायची. बापलेकांत आपल्यापायी अंतर पडू नये, एवढाच तिचा हट्ट.

आणि गंमत बघा, हेच मास्तर श्रावणात देवळात पुराण सांगत! होडी वल्हवणाऱ्या मुलीवर राजाचा जीव जडतो, होडीवाला अट घालतो, आणि बापाच्या सुखासाठी राजपुत्र स्वतः त्याच्या झोपडीत जाऊन, राज्य आणि लग्न दोन्ही सोडून ती मुलगी मागून आणतो... इथवर आले की मास्तरांचे डोळे वाहू लागायचे. ‘देव माणसाचं कूळ विचारत नाही,’ असं ते म्हणायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! वैशाली एकदा चोरून जाऊन देवळाच्या पायरीवर, गर्दीच्या मागं बसून ती कथा ऐकून आली होती. ज्या जागी मास्तर रडले, त्याच जागी तीही रडली होती.

पण तिचं एक गुपित होतं. रोह्याच्या गौरीचा जुना मुखवटा दरवर्षी रंगवायला पेणला यायचा, आणि तो दत्तात्रेयांच्याच कारखान्यात धाडायचा हे वत्सलाबाईंनी ठरवलं होतं. त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी वैशाली करते, हे त्या माउलीला पक्कं ठाऊक होतं. विराज लाकडी पेटी आणून ठेवायचा, वैशाली ती उघडायची, आणि सासरच्या गौरीचे डोळे आपल्या हातानं आखायची. पूजा मास्तर करायचे, पण ज्या नजरेपुढे ते हात जोडायचे ती नजर हिची होती!

यंदा विराजची कंपनीत दुपारची शिफ्ट लागली, म्हणून पेटी न्यायला मास्तर स्वतःच आले. शिवाय त्यांची तक्रारही होती. दारातूनच त्यांनी दत्तात्रेयांना ऐकवलं, की हात सोन्याचा आहे, पण सहा वर्षं झाली, आमची गौर सरळ बघतच नाही, तिची नजर दाराकडे जाते; कोण आखतं ते मला बघू द्या.

आत वैशालीचा कुंचला दुसऱ्या डोळ्यावर होता. सासऱ्यांचा, अण्णांचा आवाज! पण डोळ्याची रेघ मध्ये तोडायची नसते. कारखान्यात कुणी आलं-गेलं तरी आखणारा मान वर करत नाही. ती उठली नाही, पाया पडली नाही. मास्तर तिच्या पुढ्यात येऊन थबकले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच या सुनेसाठी उभे राहिले. रेघ पुरी झाली, तेव्हा कुठे ती उठली.

“तू आखतेस?” त्यांनी मुखवट्याकडे बोट केलं. “दाराकडं का?”

“अण्णा, उंबऱ्याबाहेर मी उभी असते ना... मनानं. घरातलं कुणी बघत नाही. म्हटलं, तिनं तरी बघावं.”

“विराज कधी बोलला नाही.”

“मीच शपथ घातली होती. तुम्हांला कळलं असतं तर पेटी यायची थांबली असती. मग त्या घरचं माझ्याकडं काय उरलं असतं?”

मास्तर वळले आणि बाहेर पडले. पेटी तिथंच राहिली.

ते दोन दिवस वैशालीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. वर्षातून एकदा हाताला लागणारा तो मुखवटा, तोही आपण गमावला! विराज संतापून म्हणाला की यंदा रोह्याला पाऊलही टाकणार नाही. तिनं त्याला निक्षून सांगितलं की लेकानं बापाचं घर सोडायचं नाही. मग मन घट्ट करून ती दत्तात्रेयांकडे गेली. मी आखलेले डोळे पुसून टाका, म्हणाली, शेजारच्या जोहे गावातल्या एखाद्या कारागिराकडून सरळ आखून घ्या, म्हणजे अण्णा मुखवटा नेतील. माझ्यापायी गौर घराबाहेर राहायला नको. बोलता बोलता तिला रडू फुटलं. दत्तात्रेय म्हणाले, उद्यापर्यंत थांबू.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात लोक वळून वळून बघत होते. रोह्याचे विष्णुमास्तर, धोतर घोट्यापर्यंत चिखलानं माखलेलं, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली पाच सुपं! मागं पदर सावरत गिरजाबाई. त्यांनीच मग लेकीला सांगितलं, की व्याही सकाळीच बांधावरून चालत आले, अंगणात उभे राहिले, खुर्ची दिली तर बसेनात. आधी बाबांच्या फोटोपुढे वाकले, मग स्टुलावर चढून आपल्या हातांनी सुपं सोडली.

मास्तरांनी सुपं वैशालीपुढं ठेवली.

“तीस वर्षं सांगतोय, राजपुत्र स्वतः होडीवाल्याच्या दारी गेला,” ते म्हणाले. “मला गडबला जायला सहा वर्षं लागली, पोरी... आणि गेलो तर महिपती नव्हते. माफी मागायची कुणाकडं?”

वैशाली त्यांच्या पायांशी वाकली. ते मागं सरले नाहीत. दोन्ही हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवले. गिरजाबाई भिंतीला टेकून रडत होत्या. घरी वत्सलाबाई गौरीची जागा सारवून वाट बघतायत, असं मास्तरांनी सांगितलं, मग पेटीकडे बोट करून हलकेच म्हणाले, “यंदा नजर समोर काढ. तू समोरच उभी असणार आहेस.”

तिनं ओल्या फडक्यानं जुने डोळे पुसले. कुंचला बुडवला, श्वास धरला... आणि हात तसाच थांबला.

“समोरच काढते, अण्णा,” ती म्हणाली. “पण तीळभर दाराकडं राहू दे. बाबा यायचे राहिलेत.”

मास्तरांनी मान डोलावली. ते तिथंच रंगाच्या डब्यांशेजारी जमिनीवर बसले, आणि वैशालीनं रेघ ओढायला घेतली.