थोरल्याची गाठ

“दादा खाली होता की वर?”

एवढंच विचारायचं होतं त्याला. लढाईत बोट बुडाली, तेव्हा तो बंदरावरच्या कचेरीत गेला. साहेब म्हणाले, चौकशी चालू आहे. वाचलेले खलाशी दवाखान्यात होते, त्यांच्याकडे गेला. एकानं तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसरा म्हणाला, “बस, चहा घे.” उत्तर मात्र कोणी दिलं नाही. अखेरपर्यंत नाही.

तो मोबाइल उलटा ठेव रे, उजेड डोळ्यांवर येतोय. हां, आता बरं. घाबरायचं असेल त्यानं आत्ताच घर गाठावं, मागून ‘सोडायला चला’ म्हणायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझ्या ओळखीचा, आणि त्यानं ती एकदाच सांगितली.

सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. शाळा अर्ध्यात सोडलेली, डोकं भडकू. वेल्डिंगच्या दुकानातली नोकरी मालकाशी भांडून एका दुपारी भिरकावून दिलेली. थोरला बोटीवर इलेक्ट्रिशियन. बोटीत जिथे दिवा तिथे त्याचं काम, म्हणून तो वर डेकवरही असू शकत होता, नाहीतर पार खाली इंजिनापाशी.

आणि एक सांगतो, हसू नका. धाकट्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. लहानपणी रोज थोरल्यानं बांधून दिली, मग शिकणार कधी? थोरल्याची गाठही जगावेगळी. दोन कान काढायचे, त्यांच्या मानेला एक फेर द्यायचा आणि शेंडी आत खोचायची. आई म्हणायची, “ह्याची गाठ सोडायला दात लागतात.” मोठेपणी धाकटा नाड्या बुटात कोंबून तसाच फटक-फटक हिंडायचा.

थोरला निघाला त्याच्या आदल्या संध्याकाळी, नोकरी सोडल्यावरून तो धाकट्याला चारचौघांत बोलला. सकाळी मात्र त्यानंच धाकट्याचे बूट पलंगापाशी आणून ठेवले.

“चल ना, बोटीपर्यंत ये.”

धाकट्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं. जागा होता. जिना उतरणारी पावलं त्यानं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.

पुढे गावातल्या एका बाईंनी त्या बोटीवर नाटक बसवायला घेतलं. बोटीवरच्या माणसांच्या घरच्यांना बोलावून त्या एकेकाकडून आठवणी ऐकत. कोणाचा नवरा झोपेत गायचा, कोणाचा मुलगा वडिलांची छत्री घेऊन गेलेला. अशी पाळी धाकट्यावर आली. शेजारी आई.

“निघताना तुला काय म्हणाला रे तो?” बाईंनी विचारलं.

पांघरुणाचं कसं सांगणार? त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

“दवाखान्यातल्या एका खलाशानं मला सांगितलं. दादा खाली होता. पाणी वर येऊ नये म्हणून खोलीचं दार बाहेरून लावलं. आत बरेच जण होते. दादा आतून ठोकत राहिला. तीन-तीन ठोके. शेवटपर्यंत.”

बाईंनी चष्मा काढला. धाकट्याला त्या क्षणी बरं वाटलं. आपल्यापाशीही सांगण्यासारखं काही आहे, असं वाटलं. मग त्यानं आईकडे पाहिलं.

त्या रात्रीपासून आई उठायला लागली. वाऱ्यानं खिडकी वाजली की उठायची आणि दार उघडायची. जिन्यात कोणी खाकरलं की उठायची. स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावू देईना. “आत कोणी अडकलं तर?” म्हणायची. धाकटा पांघरुणात पडून सगळं ऐकायचा. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. इतर घरांतही तेच चालू झालं होतं. ‘बरेच जण’ म्हटल्यावर प्रत्येकाला तो ठोका आपल्याच माणसाचा वाटायला लागला.

बाईंनी मात्र त्या ठोक्यांवर नाटकाचा कळसच रचला. रंगमंचावर बोटीचा डेक उभा राहिला. डेकच्या पोटात फळ्यांची एक खोली, जेमतेम माणूस मावेल एवढी. तिच्या दाराला बाहेरून लोखंडी खिट्टी, वरून खाली पडणारी. कप्तान दार लावतो, खिट्टी पडते, आणि आतून ठोके. पडद्याचा दोर ओढायचं काम धाकट्याकडे होतंच, ठोकेही त्याच्याकडेच आले.

पहिला प्रयोग शनिवारी. शुक्रवारी रात्री, साडेदहाच्या सुमारास, नाटकाचा डेक उभारणाऱ्या सुतारकाकांचा फोन आला.

“अरे धाकट्या, ती खिट्टी तालमीत अडकली बघ. जा, तेलाचे दोन थेंब टाकून ये. आणि बाटली पालथी करू नकोस, पुऱ्या नाही तळायच्या.”

धाकटा गेला. रखवालदारानं किल्ली दिली आणि तो परत आपल्या रेडिओपाशी बसला. नाट्यगृहात एकच दिवा जळत होता. पडद्यामागे बूट घालून फिरायचं नाही अशी तिथली रीत, आवाज होतो. त्यानं बूट खोलीच्या दाराबाहेर काढले, आडवेतिडवे. नाड्या लोंबत होत्या. खिट्टीला तेल घातलं, दोनदा वरखाली केली. मस्त सुटली. मग आत जाऊन बघावं म्हणून तो आत शिरला. दार ओढलं.

बाहेर खिट्टी पडली. आपोआप. नुकतंच तेल घातलेलं.

आधी त्याला हसूच आलं. मोबाइल बाहेर, तेलाच्या बाटलीशेजारी. त्यानं दार ढकललं. मग खांदा लावला. मग हाका मारल्या. रखवालदाराचा रेडिओ लांबून ऐकू येत होता… तोही बंद झाला.

तेव्हा त्यानं ठोकलं.

पोरांनो, महिनाभर तो नाटकातले ठोके देत होता. मोजून, ऐटीत. हे तसले नव्हते. हे खरे होते. दोन्ही मुठींनी. हात सोलवटले. आणि त्याच्या ध्यानात आलं, आपण आईच्या कानात महिनाभर काय घातलं ते.

तो थांबला.

अंधार. फळ्यांचा वास. स्वतःचा श्वास.

…ठक.

दारावर नाही.

…ठक.

डोक्यावर. वर. डेकच्या फळ्यांवर.

…ठक.

वरून.

“काका?” तो म्हणाला.

वरच्या फळीतून एक थेंब पडला. त्याच्या ओठावर. खारट.

“दादा…”

काही नाही.

“दादा, मी खोटं बोललो.” त्याला रडू फुटलं. “मला काही माहीत नाही. तू वर होतास का खाली, मला… मी जागा होतो रे. त्या दिवशी. मी जागा होतो.”

…

…

वर पावलं वाजली. जिना उतरावा तशी. एक. एक. दारापाशी थांबली. बराच वेळ… बराच वेळ काहीच नाही.

मग खिट्टी वर गेली. सावकाश. तेल घातलेली, तरी आवाज करत.

धाकट्यानं दार ढकललं. बाहेर कोणी नव्हतं. रंगमंच कोरडा. दिवा जळत होता. त्याचे बूट दारासमोर होते, जोडून ठेवलेले, टाचा त्याच्याकडे, पाय घालून सरळ निघावं असे. एका बुटाची नाडी दुसऱ्याच्या नाडीशी बांधलेली. दोन कान. मानेला एक फेर. शेंडी आत.

नाडी ओली होती.

सकाळी तो आईसमोर जाऊन उभा राहिला. आई ओटा पुसत होती.

“आई, ठोक्यांचं मी रचलं. कोणी खलाशी नाही, कोणी काही सांगितलं नाही.”

आई पुसतच राहिली. पुसलेलंच पुन्हा.

“मग तो खाली नव्हता?”

“माहीत नाही.”

“मग कोणाला माहीत आहे?”

त्यानं तिच्या हातातलं फडकं घ्यायला हात पुढे केला, तिनं दिलं नाही.

“मेल्या,” आई हळूच म्हणाली, “मी रोज उठत होते रे.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. रात्रीचं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण एकदा ठोक्यांची गोष्ट रचणाऱ्यानं दुसऱ्यांदा ठोके ऐकल्याचं सांगायचं कोणत्या तोंडानं? तो बूट उचलून गच्चीवर गेला.

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. पहिल्या दोन रांगांत बोटीवरच्यांची घरं. धाकटा अनवाणी त्यांच्यासमोर गेला आणि एकेकापाशी वाकून तेच वाक्य म्हणत राहिला: “ठोक्यांचं खोटं होतं, मी रचलं होतं.” बोटीवरच्या आचाऱ्याच्या म्हाताऱ्या बापानं त्याच्या मुस्काटात दिली. बाईंनी त्याला विंगेत ओढलं.

“अरे, माझ्या नाटकाचं काय?”

“दार लावा. खिट्टी पाडा. मी आत बसतो. पण ठोकणार नाही.”

आणि तो बसला. कप्तानानं दार लावलं, खिट्टी पडली. आतून काही आलं नाही. पुढच्या दोन रांगांनी श्वास रोखून धरला होता. काही आलं नाही. वरूनही नाही. मग कोणीतरी हुंदका दिला आणि पुढचा प्रवेश सुरू झाला.

शेवटचा प्रवेश असा होता: डेक रिकामा, आणि त्यावर प्रत्येक घरानं दिलेली आपल्या माणसाची एक वस्तू. छत्री, दाढीचा ब्रश, चष्म्याचं घर. थोरल्याचं घरी काहीच उरलं नव्हतं, सगळं तो बरोबर घेऊन गेला होता. म्हणून डेकवरची त्याच्या वस्तूची जागा तालमीतही मोकळीच राहायची.

अंधारात धाकटा डेकवर चढला. त्यानं ते बूट त्या जागेवर ठेवले, गाठ न सोडता. दिवसभर उन्हात गच्चीवर ठेवले होते. नाडी तशीच ओली. मग तो विंगेत जाऊन पडद्याचा दोर धरून उभा राहिला.

उजेड आला. बुटांखाली फळीवर ओल पसरत होती.

आई उठून उभी राहिली. मागच्या रांगेतून कोणीतरी “बसा हो, बसा” म्हणालं. तिनं ऐकलं नाही. चालत पुढे आली, रंगमंचाच्या कडेवर हात टेकले, आणि गाठीकडे बघत राहिली. एक बोट लावलं. मग तिनं विंगेकडे पाहिलं. धाकट्याला नाडी बांधता येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

नाटक संपलं होतं. दोर सोडला की पडदा पडणार. बाई खुणा करत होत्या, सोड, सोड. सोलवटलेल्या हातांत तो दोर चरचरत होता.

आई परत जाऊन जागेवर बसेपर्यंत त्यानं दोर सोडला नाही.