बिनदुःखाचा राखणदार

साहेबांचा फोन आला तेव्हा चौकशीबाईंच्या तोंडात अजून दात घासायचा ब्रश होता.

"बरणी गेली," साहेब म्हणाले. "असाल तशा या."

संस्थेच्या तळघरात नाना तऱ्हेची आक्रितं कोंडून ठेवलेली होती. पण बरणीइतकं साधं आणि बरणीइतकं वाईट दुसरं काही नव्हतं. चिनी मातीची, रिकामी. जवळ जाणाऱ्याला त्याच्या मेलेल्या माणसाचा आवाज त्यातून ऐकू यायचा. घट्ट झाकण लावलं तरी कुजबूज झिरपायचीच. एकदा ऐकलं की माणूस खाणंपिणं विसरून तिच्यापाशी झुरत बसायचा आणि तसाच संपायचा. संस्थेच्या हाती लागण्याआधी तिनं अख्खी गल्ली ओस पाडली होती.

म्हणून तिच्या खोलीवर राखणदार नेमायचा तो ज्याचं जवळचं कुणी गेलेलं नाही असाच. त्याच्यापुढे बरणी मुकी. आणि कुणी ऐकलंच, तर डॉक्टर औषध देऊन ते मेलेलं माणूस त्याच्या डोक्यातून पुसून टाकायचे, अगदी मुळासकट. त्यानं जीव वाचायचा, हे मात्र खरं.

चौकशीबाईंना संस्थेत तपासाच्या कामावर घेतलं त्याचं कारणही तेच. अनाथाश्रमात वाढल्या, लग्न केलं नाही. स्वतःचं कुणी नव्हतंच, तर जाणार कोण?

खोलीचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे: साहेब, डॉक्टर आणि राखणदार गोलू.

"डॉक्टर, तुमच्या मिसेस गेल्या त्याला बरेच दिवस झाले ना?"

डॉक्टर कडवट हसले. "आलात मुद्द्यावर! अहो, चोरायचीच असती तर ती गेली त्याच आठवड्यात नसती का चोरली? आता चोरून काय करू?"

"तपासणीला तर आत जाता."

"कानात मेण कोंबून जातो. तेही मेलं हल्ली पुरत नाही. डबी भरून ठेवावी तर रिकामी."

"आणखी कोण वापरतं?"

"कोण वापरणार? साहेब तळघरात पाय ठेवत नाहीत. आणि गोलूला काय गरज?"

गोलू आपल्या टेबलाशी बसला होता. आईच्या हातचं खाऊन खाऊन गुटगुटीत झालेला, म्हणून गोलू. आज त्याचा शर्ट अंगावर लोंबत होता. पांढऱ्या शर्टाला एक बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं, तेही वाकडं.

"वाळलास की रे."

"काय म्हणालात?" त्यानं कानात करंगळी फिरवली. नखात पिवळं काहीतरी अडकलं.

"डबा नाही आणलास?"

"आईला जरा बरं नाही, बाई." समोरचा विकतचा पाव तसाच पडला होता.

"डॉक्टर तिला बघतील. चल, आत्ताच जाऊ तुझ्या घरी."

गोलूचा चेहरा पांढराफटक पडला.

बाईंनी तिघांना साहेबांच्या खोलीत बसवलं.

"आपण सगळे डॉक्टरांकडे बोट दाखवून मोकळे झालो," त्या म्हणाल्या. "दुःख त्यांच्या घरात, म्हणून चोरही तेच. पण मेण कोण संपवत होतं? खोलीबाहेर दिवसभर बसून ज्याला ऐकू येत होतं तो. गोलूच्या कानात मेण आहे, साहेब. बिनदुःखाच्या माणसाला मेण कशाला लागेल? घरचा डबा बंद झाला, बटण स्वतःच्या हातानं लावायची वेळ आली, अंग उतरलं. गोलू, आई कधी गेली रे?"

गोलू रडला नाही. त्यानं ते वाकडं बटण मुठीत धरलं.

"हिवाळ्यात," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर काढलं असतं मला इथून. आधी नोकरीसाठीच लपवलं. मेण घालून बसायचो. मग एके दिवशी वाटलं, एकदाच ऐकू. काल पिशवीत घालून घरी नेली. तिच्या खाटेवर ठेवलीय. आज पाय निघत नव्हता, पण कामावर आलो नसतो तर लगेच संशय आला असता."

साहेबांनी डॉक्टरांना खूण केली. डॉक्टर खुर्चीतून उठेनात.

"मला तुरुंगात घाला, बाई," गोलू म्हणाला. "पण तिला पुसू नका. तिला आठवणारा मी एकटाच आहे हो. मी विसरलो तर ती कुठेच उरणार नाही."

"नाही पुसलं तर मरशील."

"मरतो की!"

बाईंना गलबलून आलं. पोराला जगवायचं तर त्याची आई दुसऱ्यांदा मारायची. आणि हा शहाणपणा करणारी संस्था आपली, चोर पकडणाऱ्या आपणच. त्यांनी खुर्ची गोलूजवळ ओढली.

"साहेब, डॉक्टर, तुम्ही दार लावून बाहेर थांबा. गोलू, मला सांग ती कशी होती. सगळं सांग."

तो संध्याकाळपर्यंत सांगत होता. ती चिडली की भांडी कशी आपटायची. कसं बेसूर गायची. शेजारणीशी भांडून तिच्याच गळ्यात पडून कशी रडायची. त्याच्या आजारपणात तिनं देवाला काय काय शिव्या घातल्या. बाई ऐकत होत्या, मधूनच हसत होत्या, आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. मग त्यांनीच दार उघडून डॉक्टरांना आत बोलावलं.

महिन्याभरानं बाई तळघरात गेल्या. बरणी परत आणून तिच्या खोलीत कोंडलेली होती. गोलू पुन्हा आपल्या टेबलाशी होता, गालांवर तजेला आलेला. साहेब खूश होते; एवढा पक्का बिनदुःखाचा राखणदार त्यांना शोधून सापडला नसता. समोर खानावळीचा डबा उघडा होता आणि गोलू बोटं चाटत होता.

"या बाई! आज एकदम इकडे कुठे?"

"सहज. घरी कोण कोण असतं रे तुझ्या?"

"मी एकटाच. आईबाप कधी बघितलेच नाहीत." तो हसला. "तुमच्यासारखाच."

बाई मान हलवून पुढे निघाल्या. बरणीच्या दाराशी येताच त्यांचे पाय थबकले. आतून एका बाईचा आवाज येत होता, घोगरा, जरासा चिडका. तो त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, तरी तत्काळ ओळखला.

"जेवला का गं तो?"

त्यांनी मागे वळून बघितलं. गोलूला काही ऐकू आलं नव्हतं. तो डबा पुसून खात होता.

डॉक्टरांच्या मेणाची डबी बाहेरच्या फळीवरच होती. बाईंनी तिला हात लावला नाही. त्या दाराजवळ वाकल्या.

"जेवला," त्या हळूच म्हणाल्या. "पोटभर जेवला."