बंद झाकणाचा उजेड

मानवजातीचं भवितव्य रोज सकाळी दहा वाजता एका माणसाच्या हातात असे. नीट पाहिलं तर त्या हातात एक झाकण असे.

गच्चीवरच्या भल्यामोठ्या भिंगातून उजेडाचा झोत सुटायचा आणि लाखो मैलांवर, चादरीएवढं चकचकीत शीड लावलेलं यान त्या उजेडाच्या धक्क्यानं पुढे सरकायचं. झोताआधी भिंगावरचं लोखंडी झाकण हातानं काढायचं, हे झाकणकाकांचं काम. आपोआप उघडणारं झाकण तीनदा अडकलं होतं. काका बारा वर्षांत एकदाही अडकले नव्हते. फक्त गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच फोनवर "उघडलं!" म्हणून टाकत. खालच्या इंजिनियर बाई यंत्र तापवायला घेत, तोवर काका वर पोचत.

त्या दिवशी जिन्याच्या वळणावर बायकोचा फोन आला.

"अहो, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?"

"कपाटातच असेल."

"मग कपाट कशानं उघडू, तुमच्या अकलेनं?"

वाद रंगला. काका वर पोचले तेव्हा झोत सुटून, संपूनही गेला होता. झाकण जागच्या जागी बंद.

ठरलेला एक धक्का चुकला की यान वाट सोडणार, ते कायमचंच. विभागातल्या साठ माणसांची बारा वर्षांची मेहनत एका किल्लीपायी पाण्यात. त्यांनी झाकणाला हात लावला. दहा मिनिटं झोत खाऊन ते तव्यासारखं तापायला हवं होतं.

गार होतं.

खाली बाई चक्क हसत होत्या. "काका, आजचा धक्का अगदी बेतशीर! वेग दशांशापर्यंत बरोबर."

काका मटकन खुर्चीत बसले. गप्प बसले असते तर भागलं असतं, पण प्रामाणिकपणा आड आला. त्यांनी सगळं सांगितलं.

"चेष्टा पुरे हं, काका."

"गुडघ्यांची शपथ, बाई."

बाईंनी यानाकडून आलेली नोंद काढली. त्यांचा आवाज उतरला. "मागून उजेड पडलेलाच नाही."

"मग?"

"पुढून पडलाय. पण पुढून पडला तर यान मंदावायला हवं ना?"

बाईंनी नोंद पुन्हा काढून पाहिली. तीच आली.

दुसऱ्या दिवशी झाकण मुद्दाम बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी झोतच सोडला नाही.

वेग वाढला. दशांशापर्यंत.

"वर कळवायचं का?" काकांनी हळूच विचारलं.

"काय कळवू? की आपल्यावाचून काही अडत नाही?"

"नकोच. उगाच चौकशी लागायची."

काकांना तीन दिवसांत पहिल्यांदा सपाटून भूक लागली. यान वाचलं होतं, नोकरी वाचली होती, गुडघेही वाचले होते.

आता दहा वाजता दोघं निवांत चहा घेतात. वेग रोज ठरल्याप्रमाणे वाढतो. रविवारी वाढत नाही. रविवारी विभागाला सुट्टी असते. गेल्या मंगळवारी पाण्याची टाकी फुटली, म्हणून साहेबांनी पावणेदहाला अचानक सुट्टी दिली. बाहेर कुणालाच कळवलं नव्हतं.

त्या दिवशीही वाढला नाही.